पुडीतलं तेज

गुरुवार उजाडला की सायखेड्याबाहेर, गोदावरीच्या काठच्या त्या पत्र्याच्या शेडपुढे चपलांचा खच पडायचा. निफाडकडून पिकअप भरभरून माणसं यायची, नाशिकहून चकचकीत मोटारी यायच्या, आणि सगळ्यांच्या आधी भज्यांची गाडी यायची, कारण दर्शनाच्या रांगेत भूक फार लागते. आत धुनी पेटलेली. धुनीमागे वाघाच्या कातड्याची छपाई असलेल्या ब्लँकेटवर राखवाले बापू. आणि बापूंच्या उजव्या हाताला, झेंडूचा हार घातलेला, माणूसभर उंच आरसा.

बाकीचे बाबा हवेतून अंगठ्या काढतात, नारळातून केस काढतात. राखवाले बापूंना असल्या किरकोळीत रस नव्हता. ते माणसाला आरशापुढे उभा करायचे. त्याचा जुना फोटो कुणीतरी मोबाइलवर मोठा करून धरायचा. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले. मग बापू त्याची हनुवटी धरून आरशाकडे वळवायचे.

“काय दिसतं?”

“तेज, बापू!”

“कशाचं?”

“पुडीचं, बापू!”

आणि ते दिसायचंच. गाल भरलेले, लालसर, तुळतुळीत. बायका तिथल्या तिथे पदर डोळ्यांना लावायच्या.

“दवाखान्यात आजाराला नाव देतात,” बापू दोन्ही हात वर करायचे, “आणि इथं?”

“निरोप देतात!” पत्रे हादरायचे.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी आरशापुढे महेश उभा होता. शेवटच्या रांगेत त्याची बायको आरोही खांबाला टेकून बसली होती, आणि एवढ्या गर्दीत टाळ्या न वाजवणारी ती एकटीच होती.

महेशला दोन वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, दिवसातून दहादहादा धावावं लागतं आणि शौचातून रक्त पडतं, असा हा आजार. मुळासकट जात नाही, पण नेमाने औषध घेतलं तर मुठीत राहतो. हा ‘नेमाने’ शब्दच महेशच्या डोक्यात गेला होता. डॉक्टर म्हणत आयुष्यभर गोळ्या, बापू म्हणाले तीन गुरुवार. बत्तीस वर्षांच्या माणसाला यातलं काय गोड लागेल, हे सांगायला नको. गोळ्या फडताळात गेल्या, आणि दसऱ्यापासून सकाळ-संध्याकाळ राखेची पुडी सुरू झाली.

चौथ्या दिवशी रक्त थांबलं.

आरोहीची खरी पंचाईत इथेच होती. थोतांड म्हणावं, तर रक्त थांबलं होतं. महिन्याभरात महेशचा चेहरा भरला, भूक वाढली, तो पहाटे उठून बागेत फवारणीला जायला लागला. ती निफाडजवळच्या एका पॅकहाउसात द्राक्षांचे नमुने घ्यायचं काम करायची. परदेशी जाणाऱ्या मालात फवारणीचं औषध किती उरलंय हे तपासायला घड तोडायचे, शेतकऱ्यासमोर पिशवी सील करायची, सह्या घ्यायच्या आणि प्रयोगशाळेला पाठवायचं. डोळ्यांना दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हेच तिचं पोटापाण्याचं काम.

“यात आहे काय, आई?” तिने सासूला विचारलं होतं.

“राख हाय, दुसरं काय?” कुसाबाई म्हणाल्या. “रगत थांबलं का नाय? मंग? तुला तुझ्या मशिनीचाच लय भरोसा!”

“राखेनं रक्त थांबत असतं तर चुलीपुढं बसणारी एकही बाई आजारी पडली नसती.”

“जीभ आवर,” कुसाबाई म्हणाल्या, आणि विषय संपला. त्या दर बुधवारी बापूंकडे सेवेला जायच्या. सेवेत काय करता, हे मात्र कधी सांगायच्या नाहीत. सांगितलं की पुण्य कमी होतं, अशी बापूंची सोयीस्कर ताकीद होती.

जानेवारीच्या अखेरीस महेशला ताप आला. मग पोटात कळा आणि पुन्हा रक्त, आधीपेक्षा जास्त. बापूंनी डोळे मिटले, उघडले आणि निदान केलं, “दोष बाहेर पडतोय! पुडी दुप्पट कर!” पुडी दुप्पट झाली. दोष चार दिवस बाहेर पडत राहिला, आणि पाचव्या दिवशी महेश न्हाणीघराच्या दारात कोसळला.

“आता बापूंकडं नेऊ,” कुसाबाई म्हणाल्या.

“आता कुणी मधे आलं तर मी गाडीखाली झोपेन,” आरोही म्हणाली. तिचा आवाज ऐकून गल्ली बाहेर आली. शेजारचे बद्रुद्दीनचाचा द्राक्षाची कॅरेट वाहणारी पिकअप चालवायचे. तेही बापूंचे भक्त, पुडीने त्यांचे गुडघे दुखायचे थांबले होते. पण त्यांनी एकदा महेशकडे पाहिलं आणि पिकअपमध्ये गादी टाकली.

नाशिकला इंदिरानगरातल्या रुग्णालयात डॉक्टर अफिफा यांनी महेशला तपासलं. पोटविकाराच्या तज्ज्ञ, कमी बोलणाऱ्या. त्यांनी नाडी बघितली, पोट दाबलं, आणि मग बराच वेळ चेहऱ्याकडेच बघत राहिल्या. हातपाय काडीसारखे, चेहरा मात्र गोल गरगरीत. पोटावर जांभळे ओरखाडल्यासारखे पट्टे. रक्तातली साखर चढलेली.

“हे स्टेरॉइड कधीपासून घेतायत?”

“नाही हो मॅडम. गोळ्यासुद्धा सोडल्यात. फक्त राख.”

“कसली राख?” डॉक्टरांनी मान वर केली. “मला ती राख हवीय, आरोहीताई.”

कोलायटिस पार भडकला होता. थांबायला वेळ नव्हता. डॉक्टरांनी शिरेतून मोजून स्टेरॉइड सुरू केलं, शौचाचे नमुने पाठवले, दुर्बिणीने आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासायला दिला. अशा रुग्णाला तिसऱ्या दिवसापर्यंत उतार पडायला हवा. महेशला पडला नाही. तुकड्याचा अहवाल मात्र आला.

“सायटोमेगॅलो नावाचा विषाणू आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “आपल्यातल्या बहुतेकांच्या अंगात तो लहानपणापासून झोपलेला असतो. प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. ती कुणी महिनोन्महिने दडपून ठेवली तर हा उठतो आणि जखमी आतड्यात ठाण मांडतो. आता दोन्ही दुखणी एकाच जागी आहेत. कोलायटिस दाबायला स्टेरॉइड हवं, आणि स्टेरॉइड वाढवलं की विषाणूला मोकळं रान.”

“मग?”

“विषाणूवरची इंजेक्शनं लगेच सुरू करते. स्टेरॉइड हळूहळू खाली आणते. एकदम तोडता येत नाही. त्याहून जालीम औषध आत्ताच द्यायला मन धजत नाही. तरीही उतार पडला नाही, तर शस्त्रक्रिया करून मोठं आतडं काढावं लागेल. सर्जनना बघून जायला सांगितलंय.” त्यांनी साखरेचा अहवाल उचलला. “पण मला एक कोडं सुटत नाही. मी देतेय त्या मात्रेला साखर एवढी चढायला नको.”

कोडं त्याच दुपारी सुटलं. आरोही औषधं घेऊन खोलीत आली, तेव्हा कुसाबाई भिंतीकडे तोंड करून पेजेची वाटी ढवळत होत्या. पदराखाली कागदाची पुडी.

आरोहीने वाटी हिसकावली. पेज फरशीवर सांडली.

“दुप्पट सांगितलीय बापूंनी!” कुसाबाई म्हणाल्या. “ह्यांच्या सुयांनी काय झालं तीन दिवसांत? माझं पोर हाय ते!”

गोंधळ ऐकून डॉक्टर आल्या. त्यांनी पुडी हातात घेतली आणि आवाज न चढवता विचारलं, “आजी, यात काय आहे? किती दिलंत? कधीपासून?”



कुसाबाईंच्या घरी फवारणीची वही होती. महेश लिहायचा, पण कुसाबाईंना ती तोंडपाठ होती. कुठल्या तारखेला कुठल्या प्लॉटला कुठलं औषध, किती लिटर पाण्यात किती मिली, सगळं. वेलीला काय पाजलं ते तारखेसकट सांगू शकणाऱ्या त्या बाईला, पोराला काय पाजलं ते सांगता येईना. आरोहीच्या ओठांवर हे वाक्य आलं होतं. पण सासूचा चेहरा बघून तिने ते गिळलं, कारण कुसाबाईंना ते आपोआपच कळलेलं होतं.

त्या खाली फरशीवर बसल्या.

“दर बुधवारी मी आन आक्काबाई सेवेला जायचो,” त्या म्हणाल्या. “डब्यातनं पांढरी भुकटी यायची. शंखाचं भस्म हाय, बापू म्हणायचे. पाच वाट्या राख, एक वाटी भुकटी, चाळणीनं चाळायची आन पुड्या बांधायच्या. मीच चाळली, आरोही. म्हेशाची पुडी बी मीच बांधली. ह्या हातांनी.”

आरोहीला राग आला होता, तो तसाच राहिला. तो कुणावर काढायचा हे आता स्पष्ट झालं होतं. तिने सासूला उठवून खुर्चीवर बसवलं आणि बॅगेतून नमुन्यांच्या पिशव्या काढल्या.

एका पिशवीत कुसाबाईंची पुडी. दुसरीत बद्रुद्दीनचाचांची. चाचा आधी कुरकुरले, “पोरी, माझ्या गुडघ्यांचं काय? जिना चढतो मी आता!” पण रुग्णालयात सहज साखर तपासली तर ती चारशेच्या घरात निघाली, आणि चाचांचा सूर खाली आला. तिसऱ्या पिशवीत थेट धुनीतली राख, ती चाचांनीच दर्शनाच्या निमित्ताने आणली. प्रत्येक पिशवीवर तारीख, सील, दोन साक्षीदार. डॉक्टरांनी सोबत पत्र दिलं आणि एक तक्रार औषध प्रशासनाकडे पाठवली. प्रयोगशाळेत द्राक्षांचे नमुने तपासणारा सुनील म्हणाला, “ताई, हे आमचं रोजचं काम नाही. पण मशिनला द्राक्ष काय नि राख काय!”

चार दिवसांनी अहवाल आला. धुनीतली राख ही नुसती राख. दोन्ही पुड्यांमध्ये प्रेडनिसोलोन आणि डेक्सामेथासोन. दोन्ही स्टेरॉइड.

पुढचा दिवस गुरुवार होता. महेशचा ताप आदल्या दिवसापासून उतरत होता, पण सर्जन अजून रोज सकाळी पोट दाबून जात होते. “तुम्ही जा बापूंकडं,” महेश खोल आवाजात म्हणाला. “मी त्या आरशापुढं उभा राहिलो होतो. मला बघून किती जणांनी पुडी घेतली असेल.”

शेड खच्चून भरली होती. आरोही मधल्या वाटेने सरळ धुनीपर्यंत चालत गेली. मागे कुसाबाई, त्यांच्यामागे चाचा.

“या, या!” बापू हसले. “महेशची मालकीण! नवरा दवाखान्यात नेलास ना? मी म्हटलंच होतं, जिथं संशय तिथं रोग!”

“बापू, पुडीत काय आहे?”

“श्रद्धा.”

“किती मिलिग्रॅम?”

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. बापूंच्या भुवया चढल्या. त्यांनी धुनीत हात घालून काठावरची गार राख उचलली आणि सगळ्यांसमोर तोंडात टाकली. “बघा रे! विष असतं तर बापू खातो का?”

“जय हो!” शेड दणाणली. दोघेतिघे बाह्या सरसावून आरोहीकडे आले. ती जागची हलली नाही.

“ती राख चांगलीच आहे,” ती मोठ्यांदा म्हणाली. “अहवालातही तेच आलंय, धुनीत काही नाही. पण तुम्ही धुनीतली खाता आणि आम्हाला पुडीतली देता. पुडीत स्टेरॉइड आहे. हा कागद बघा.”

“कागद!” बापू गरजले. “देवाची परीक्षा कागदावर? यंत्राला काय कळतं?”

“आरं, मंग ह्या हातांना तर कळतं?”

कुसाबाई पुढे आल्या होत्या. त्या दोन्ही हात वर धरून उभ्या होत्या. “वळखलं का मला? बुधवारी पुड्या मी बांधते. पाच वाट्या राख, एक वाटी पांढरी भुकटी. ह्या आक्काबाईला विचारा, तिनं चाळणी धरलीय. धुनीतच सगळं तेज असतं तर ती भुकटी कशाला घालायला लावत होतास रं?”

आक्काबाई रांगेत बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली, आणि ती मान सगळ्यांनी पाहिली.

“आपण सगळी द्राक्षवाली माणसं,” कुसाबाई गर्दीकडे वळल्या. “मणी फुगवायला जीए देतो. घड औषधात बुडवला की आठ दिवसांत मणी टपोरा. मंग तो गोड झाला का? व्यापारी नुसता बघून माल घेतो का? थेंब पिळून गोडीच्या मीटरला लावतो! आन आपण? पोराचं तोंड फुगलं, आन म्हणालो तेज आलं. मी बी म्हणाले. मीच आधी म्हणाले!”

तेवढ्यात आरोहीने चाचांना आरशापुढे उभं केलं. मग चार महिने पुडी घेणाऱ्या एका मास्तरांना. मग नाशिकहून आलेल्या एका बाईंना. ना नात्याचे, ना गोत्याचे, एक पिकअपवाला, एक गुरुजी, एक वकिलीणबाई. आरशात मात्र तिघांचे चेहरे एकाच ताटातल्या पुऱ्यांसारखे दिसत होते. तसेच गोल, तसेच लाल, तसेच तुळतुळीत.

“हे स्टेरॉइडनं चेहऱ्यावर साठणारी चरबी आहे,” आरोही म्हणाली. “स्टेरॉइड सूज दाबतं, म्हणून चाचांचे गुडघे थांबले, महेशचं रक्त थांबलं. हा चमत्कार नाही. हे औषधच आहे, डॉक्टरही देतात. पण मोजून देतात, आधी अंगात काही संसर्ग आहे का बघतात, आणि कमी कधी करायचं ते ठरवून देतात. इथं कुणी काही बघितलं नाही. महेशच्या आतड्यात विषाणू माजला, आणि बापू म्हणाले, दुप्पट कर.”

मग मास्तरांनी खिशातली पुडी काढून जमिनीवर आपटली. एकदम कल्लोळ झाला. “फेका! नदीत फेका सगळ्या!” माणसं उठली, काही बापूंच्या दिशेने, काही घाटाकडे.

“थांबा!” आरोही जिवाच्या आकांतानं ओरडली. आत्तापर्यंतच्या कुठल्याही वाक्यापेक्षा हे तिला मोठ्यांदा म्हणायचं होतं. “टाकू नका! आज रागात बंद कराल आणि उद्या कोसळाल. इतके दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं. एकदम तोडलं तर जीव जाऊ शकतो. पुडी आहे तशी घेऊन आजच डॉक्टरकडे जा, दाखवा, लाजू नका. ते हळूहळू उतरवतील. आणि ह्या माणसाला कुणी हात लावायचा नाही. त्याला बघायला औषध प्रशासनाचे लोक येतायत.”

आले. औषध प्रशासनाचे निरीक्षक आणि दोन पोलीस आले तेव्हा बापू मागच्या पत्र्याचा खिळा उपसत होते. मागच्या खोलीत पांढऱ्या डब्यांची रांग निघाली, प्रत्येकाचं लेबल नखाने खरवडून काढलेलं. बापूंचं नाव किशोर. बापू व्हायच्या आधी तो औषधांच्या एका ठोक दुकानात माल बांधायचा. तिथे तो एवढंच शिकला होता की कुठल्या गोळीनं माणसाला चार दिवसांत बरं वाटतं. पाचव्या महिन्यात काय होतं, हे शिकायची त्याला गरज पडली नव्हती.

आरोहीने शेडच्या दारात टेबल मांडलं. चपला घालायच्या आधी माणसं तिच्याकडे थांबत होती. नाव, आजार, किती दिवस, रोज किती पुड्या, हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून ती हातात देत होती, डॉक्टरला दाखवायला. त्या दुपारी तिने एकशे चौदा चिठ्ठ्या लिहिल्या.

महेशचं आतडं वाचलं. दोन-तीन आठवडे विषाणूवरचं औषध चाललं, स्टेरॉइड पायरीपायरीने उतरलं, आणि कोलायटिसच्या गोळ्या फडताळातून पुन्हा ताटाशेजारी आल्या. मार्चमध्ये तो घरी आला तेव्हा बागेतली काढणी उरकत आली होती. तो ओसरीवर बसला होता, गालफडं बसलेला, दाढी वाढलेला, थकलेला.

आक्काबाई बघायला आल्या. महेशकडे बघून म्हणाल्या, “तेज गेलं गं पोराचं.”

“गेलं ते बरं झालं,” कुसाबाई म्हणाल्या. “हे माझ्या पोराचं तोंड हाय. मला वळखू येतं.”

आक्काबाईंनी पिशवीतून हळूच एक बाटली काढली. “बापूचं सोड, तो लबाडच निघाला. पण हे येगळं हाय, डोंगरातल्या एका वैदूचं. ताकद येती म्हणत्यात. एकदा देऊन तर बघ.”

आरोही उठणार होती, पण कुसाबाई तिच्याआधी उठल्या. त्यांनी खुंटीवरची फवारणीची वही काढली, कोरं पान उघडलं आणि सुनेच्या हातात पेन दिलं.

“लिही,” त्या म्हणाल्या. “आक्का, सांग. ह्यात काय काय हाय? किती किती हाय? कुणी बनवलंय?”

“अगं, ते मला काय ठाव?”

कुसाबाईंनी बाटलीचं बूच घट्ट केलं आणि ती परत आक्काबाईंच्या पिशवीत ठेवली.

“मंग हे मी वेलीला बी घालणार नाय,” त्या म्हणाल्या.